सुवार्ताचं नाव कमी केलं तेव्हा

बडोद्यात नवीन होतो तेव्हा एका रिक्षावाल्यानं मला विचारलं होतं, "साहेब, रविवार सिवाय तमे शुं करो छो?" रविवार सोडून बाकीचे सहा दिवस हा माणूस करतो काय, अशी त्याला खरोखरच शंका होती. मी म्हटलं, "बसतो." तो हसला. पण मी थट्टा केली नव्हती. पाळकाचं निम्मं काम बसण्याचं असतं. लोकांच्या पुढच्या खोलीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, हातात चहाचा कप घेऊन बसायचं. ज्यासाठी बोलावलं ते सोडून माणूस बाकी सगळं बोलत राहतो, तोवर घाई करायची नाही. उपदेश वीस मिनिटांत संपतो. बसणं तासातासाचं.

नाताळ अंक शेजारपाजारच्या घरांतही वाचले जातात, म्हणून आमच्या कामाबद्दल थोडं सांगतो. आमची मराठी मंडळी छोटी, साठएक घरांची. कुणाचे आजोबा नगरकडून रेल्वेत आलेले, कुणाचे वडील रिफायनरीत, कुणी स्वतः नंदेसरीच्या केमिकल कारखान्यात. चर्चची इमारत गुजराती मंडळीबरोबर वाटून घेतलेली. त्यांची उपासना साडेनऊला, म्हणून आमची साडेसातला. हिवाळ्यात लोक शाली पांघरून डुलक्या घेत. शब्बाथशाळेतली, म्हणजे रविवारच्या वर्गातली, मुलं मराठी गीतं गुजराती अक्षरांत लिहून घ्यायची आणि दाराबाहेर पडली की गुजरातीतच भांडायची.

लग्नं लावणं हा आमच्या कामातला दिसायला सोपा भाग. लग्नाआधी तीन रविवार वधूवरांची नावं मंडळीसमोर वाचायची, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणायचं. त्याआधी जोडप्याला तीनदा बोलावून संसाराबद्दल चार गोष्टी सांगायच्या. एका इंजिनिअर नवरदेवानं तिन्ही बैठकांत वहीत मुद्दे उतरवून घेतले आणि शेवटी विचारलं, "साहेब, ह्यातलं कम्पल्सरी किती?" अंत्यविधीचीही अशीच गिऱ्हाइकं असतात. एका आजारी आजोबांनी स्वतःच्या अंत्यविधीचा उपदेश माझ्याकडून आधीच वाचून घेतला आणि त्यातला 'मनमिळाऊ' हा शब्द काढायला लावला. म्हणाले, "मी नव्हतो हो तसा. लोक हसतील."

अशा गोष्टी मला पुष्कळ सांगता येतील आणि संपादकांनाही त्याच हव्या होत्या. पण निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि सकाळी फिरायला निघालो की मनात येते ती एकच गोष्ट. ती मी कुठल्याही उपदेशात सांगितलेली नाही. नावं बदलली आहेत.

दानिएल भिंगारदिवे हे आमच्या पंचकमिटीचे चिटणीस. पंचकमिटी म्हणजे मंडळीचा कारभार पाहणारे सातआठ लोक. दानिएल नंदेसरीच्या एका कारखान्यात ऑपरेटर होते. उंच, खणखणीत आवाजाचे, वेळेचे पक्के. तरुणपणी ते खूप प्यायचे. एके दिवशी सोडली ती कायमची. दरवर्षी मंडळीच्या वर्धापनदिनी साक्षीची सभा होई. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून लोकांना सांगायचं. दानिएल दरवर्षी तीच साक्ष द्यायचे, आणि दरवर्षी लोक मन लावून ऐकायचे. "माझ्या पत्नीनं नऊ वर्षं माझ्यासाठी प्रार्थना केली," हे वाक्य आलं की सगळ्यांच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळत. तिथं शालिनीबाई पदर सारखा करत खाली पाहत बसलेल्या असत.

त्यांचं घर बडोद्यातल्या समा भागात, एका सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर. लग्न ठरलेल्या जोडप्यांना मी मुद्दाम तिकडं चहाला पाठवायचो. "ख्रिस्ती संसार कसा असतो ते माझ्याकडून ऐकण्यापेक्षा तिथं जाऊन बघा," असं म्हणायचो. मला त्यांचा अभिमान होता. आपल्या दुकानातला चांगला माल पुढं मांडून ठेवावा तसे मी त्यांना पुढं मांडत होतो, हे आता कळतं.

सुवार्ता त्यांची एकुलती एक. एका लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करायची. रविवारी उपासनेला पेटी वाजवायची आणि लहान मुलांचा वर्ग घ्यायची. एका गुरुवारी दुपारी ती माझ्याकडे आली, सोबत एक तरुण. नीलेश, बडोद्याजवळच्या पादरा गावातल्या शाळेत गणिताचा शिक्षक. पाचसहा वर्षांची ओळख. तो हिंदू, गुजराती.

"पाळकसाहेब, आम्ही कोर्टात लग्न करणार आहोत," सुवार्ता म्हणाली. "चर्चमध्ये होणार नाही, मला माहीत आहे. पण बाबांशी तुम्ही बोला. तुमचं ते ऐकतात."

मी नीलेशकडे वळलो. कामाचा भाग म्हणून विचारायलाच हवं होतं. बाप्तिस्मा घेण्याचा विचार आहे का, म्हटलं. तो हिंदी-मराठी मिसळून म्हणाला, "सर, हो म्हटलं तर सगळं सोपं होईल, बराबर? पण ते लग्नासाठी म्हटलेलं होईल. तुमच्या घरात बसून खोटं कसं बोलू?"

मी शेकडो नवरदेवांना प्रश्न विचारले. इतकं सरळ उत्तर मला कुणी दिलेलं नाही. आणि तरी मला तेव्हा त्याचा थोडा रागच आला, कारण तो खोटं बोलला असता तर माझं काम हलकं झालं असतं.

"बोलतो," मी म्हटलं. "ह्याच आठवड्यात जातो."

त्या आठवड्यात बाहेरगावचे पाहुणे पाळक आले होते, मग एक साखरपुडा, मग माझा खोकला. गेलो नाही. पुढच्या मंगळवारी दानिएलना दुसऱ्याच कुणाकडून कळलं. सुवार्तानं मला आधीच सांगितलं होतं हेही कळलं. गेलो असतो तर त्यांनी ऐकलंच असतं असं मी म्हणत नाही. पण आपल्या मुलीचं लग्न त्यांनी कंपनीच्या बसमध्ये शेजारच्या सीटवरच्या माणसाकडून ऐकलं, आणि ते तसं व्हायला नको होतं.

शनिवारी पंचकमिटीची बैठक झाली. दानिएल उभे राहिले. कमिटीत ते कधी उभे राहून बोलत नसत. म्हणाले, "विश्वासाबाहेर लग्न करणाऱ्याचं नाव प्रभुभोजनाच्या यादीतून कमी होतं, हा आपला नियम आहे. मागं दोन घरांतल्या मुलांना आपण तो लावला. मीच लावायला सांगितला. आज माझ्या घरावर आलं म्हणून मी गप्प बसलो तर उद्या साक्ष कुठल्या तोंडानं देऊ? सुवार्ता दानिएल भिंगारदिवे हिचं नाव कमी करावं, असा ठराव मी मांडतो."

प्रभुभोजन म्हणजे काय, ते बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. महिन्याच्या पहिल्या रविवारी वेदीपुढच्या कठड्याजवळ लोक गुडघे टेकतात. पाळक प्रत्येकाच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवतो, मग छोट्या पेल्यात द्राक्षारस देतो. आमच्या विश्वासाचं हे सगळ्यात जवळचं ठिकाण. तिथून नाव कमी करणं म्हणजे घरात राहा, पण पंगतीला बसू नको, असं सांगण्यासारखं.

खोलीत सगळे थक्क झाले होते. एका ज्येष्ठ पंचांचे डोळे भरून आले. "ह्याला म्हणतात विश्वास," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं.

आमच्या नियमात आणखी एक ओळ होती. पाळकाला योग्य वाटल्यास त्यानं असा ठराव सहा महिने स्थगित ठेवावा आणि त्या काळात घरच्यांशी बोलावं. ती ओळ मला पाठ होती. मागच्या दोन घरांसाठी मी ती वापरली नव्हती, म्हणून आता वापरली तर चिटणिसाच्या मुलीला वेगळा न्याय, असं लोक म्हणाले असते. शिवाय त्याच वर्षी माझी मुदत संपत होती, ती वाढवायची की नाही ते हीच कमिटी ठरवणार होती. असं मनाशी स्पष्ट म्हटलं नाही मी कधी. पण ते खोलीत होतं. ठराव मंजूर झाला.

घरी आल्यावर विमलनं, माझ्या बायकोनं, विचारलं काय झालं. सांगितलं. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "सहा महिने थांबवा की. तुम्हाला येतं ते."

"दानिएलनं स्वतः मांडलंय, विमल."

"म्हणूनच थांबवा. तो आत्ता बाप नाहीये, चिटणीस आहे. सहा महिन्यांनी बाप होईल."

मी पत्र लिहायला बसलो. टाइप केलं असतं तरी चाललं असतं, पण अशी पत्रं मी हातानं लिहायचो. त्यात आदर आहे असं मला वाटायचं. 'प्रिय भगिनी सुवार्ता' अशी सुरुवात, 'दुःखानं कळवावं लागत आहे' असं मधे, खाली माझी सही. लग्न झाल्यावर तीन दिवसांनी ते पादऱ्याच्या पत्त्यावर पोस्टानं गेलं. लग्नाला इकडून कुणीच गेलं नव्हतं. शालिनीबाईंना दानिएलनी जाऊ दिलं नाही.

पुढच्या महिन्याचा पहिला रविवार आला. भिंगारदिवे नवराबायको नेहमीप्रमाणे कठड्याजवळ येऊन शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. दानिएलनी डोळे मिटून दोन्ही हात पुढं केले. मी त्यांना भाकरी दिली आणि शालिनीबाईंपुढं आलो. त्यांचे हात कठड्यावर होते, पण मिटलेले. मी थांबलो. त्यांनी मान किंचित हलवली. नको. मी पुढच्या माणसाकडे सरकलो. पेल्याच्या वेळीही तेच. दानिएलचे डोळे मिटलेले होते. त्यांना काही दिसलं नाही.

एखाद्या वेळी होतं असं. माणसाचं मन थाऱ्यावर नसतं, मागचं एखादं भांडण आठवतं, तो घेत नाही. पण दुसऱ्या महिन्यातही तेच झालं आणि तिसऱ्याही. अशा वेळी पाळकानं विचारायचं असतं. दानिएल पहिल्या पाळीला गेलेले असतील असा दिवस पाहून मी समाला गेलो. विमलला बरोबर नेलं होतं. शालिनीबाईंनी पाणी दिलं आणि समोर बसल्या. मला प्रश्न विचारायची वेळच आली नाही.

"तुम्ही का आलात ते माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "मनात कुणाबद्दल काही असेल तर आधी ते मिटवावं आणि मग देवापुढं यावं, असं तुम्हीच शिकवता ना? माझं मिटलेलं नाही. म्हणून घेत नाही."

"दानिएलबद्दल?"

"त्यांच्याबद्दल. आणि तुमच्याबद्दल."

विमलनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी काहीतरी बोलायला गेलो, क्षमेबद्दल. शालिनीबाईंनी हात वर केला, अगदी हळू.

"पाळकसाहेब, मी ह्यांना सोडून जाणार नाही. पहाटे उठून डबा करते, कपडे इस्त्री करते, दुखलं तर पाय चेपते. लग्नात शब्द दिलाय तो पाळते. ते प्यायचे तेव्हाही पाळला. पण तिथं त्यांच्या शेजारी गुडघे टेकून, सगळं नीट आहे असं देवाला दाखवायचं, ते मला जमणार नाही. तुम्ही मला क्षमा करायला सांगू नका. मी रोज मागते आहे ती. अजून मिळाली नाही मला."

"दानिएलना माहीत आहे हे?"

"त्यांचे डोळे मिटलेले असतात."

परत येताना रिक्षात विमल म्हणाली, "दानिएलला सांगा." मी म्हटलं, "बाईंनी विश्वासानं सांगितलंय, मी कसं सांगू?" ते खरंच होतं. पाळकाला ऐकलेलं बाहेर बोलता येत नाही. पण त्या नियमाच्या मागं लपणंही किती सोयीचं असतं, ते आमच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

पाच वर्षं हे चाललं. दर महिन्याला मी त्या मिटलेल्या हातांपुढं एक क्षण थांबायचो आणि पुढं सरकायचो. दानिएल दरवर्षी साक्ष द्यायचे. आता तिच्यात नवा भाग आला होता. "देवासाठी मी दारू सोडली, आणि देवासाठी पोटची मुलगीही सोडली." लोक रडायचे. नवीन जोडप्यांना मी समाला चहाला पाठवणं बंद केलं. का, ते कुणी विचारलं नाही.

एका नाताळात मी पादऱ्याला गेलो. शालिनीबाईंनी करंज्यांचा डबा दिला होता; "देता येईल का" एवढंच म्हणाल्या होत्या. भाजीबाजाराच्या मागं नीलेशचं घर. त्याच्या आई, त्यांना सगळे बा म्हणत, दारातच म्हणाल्या, "आवो, बेसो ने. बहु शांत छे तमारी छोकरी." स्वयंपाकघराशेजारच्या कोनाड्यात बांचे देव होते आणि त्याच्या वरच्या फळीवर सुवार्ताचं पवित्र शास्त्र. फळी बांनी स्वतः ठोकून घेतली होती. आजारपणात ही रात्रंदिवस माझ्याजवळ बसली होती, म्हणाल्या. तेव्हा ती तोंडानं काय पुटपुटते ते त्यांनी विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं. तेवढंच. त्यावर कुणी कुणाला काही समजावलं नव्हतं.

सुवार्तानं करंजी मोडून अर्धी खाल्ली आणि अर्धी हातात धरून बसली. मी विचारलं, उपासनेला जातेस का. हो, म्हणाली. दर रविवारी बसनं बडोद्याला येते, दुसऱ्या एका चर्चमध्ये, गुजराती उपासनेला. मागं बसते.

"मग प्रभुभोजन तिथं घेत असशील."

"नाही."

"का? तिथं कोण विचारणार आहे?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी काही विनोद केला असावा. "साहेब, तुम्हीच लिहिलंत ना नाव कमी केलं म्हणून? दुसऱ्या चर्चला माहीत नसेल. पण मला माहीत आहे ना."

म्हणजे आमच्या चर्चमध्ये आई घेत नव्हती आणि दुसऱ्या चर्चमध्ये मुलगी घेत नव्हती, आणि दोघींना एकमेकींचं माहीत नव्हतं. मला एकट्याला माहीत होतं. ते पत्र मी तिला घाबरवायला लिहिलं नव्हतं. कमिटीच्या फायलीसाठी लिहिलं होतं. पण तिनं ते पाळलं. आमच्या साठ घरांत माझं लिहिलेलं इतकं मनावर घेणारं दुसरं कुणी नसेल.

परत येऊन मी कमिटीत तिचं नाव पुन्हा घेण्याचा विषय काढला. दानिएल म्हणाले, तिनं मंडळीसमोर उभं राहून पश्चात्ताप व्यक्त करावा, नियम आहे. मी सुवार्ताला फोन केला. ती म्हणाली, "आईबाबांना दुखावलं ह्याचं वाईट वाटतं, ते शंभर लोकांसमोर सांगते. लग्न केलं ते चुकलं, हे नाही सांगणार." विषय तिथंच राहिला. मी तो आणखी रेटला असता तर कदाचित हलला असता. मी रेटला नाही.

मग दानिएल आजारी पडले. फुप्फुसांचं दुखणं. कुणी म्हणे कारखान्याच्या धुरानं, कुणी म्हणे तरुणपणीच्या विड्यांनी; डॉक्टर ठरवून काही बोलले नाहीत. वर्षभरात तो उंच माणूस उशांना टेकून बसायला लागला. नाकात नळी, शेजारी घरघरणारं यंत्र. चर्चला येणं बंद झालं. अशा आजाऱ्यांसाठी आम्ही प्रभुभोजन घरी नेतो. एक छोटी पेटी असते, तिच्यात चार पेले, एक बाटली, भाकरीची डबी. मी सकाळी दहाच्या सुमाराला गेलो. खिडकीत ऊन होतं, खाली भंगारवाला ओरडत चालला होता.

पलंगाजवळ स्टुलावर रुमाल पसरला, प्रार्थना केली. दानिएलचे हात आता थरथरत होते, म्हणून भाकरी मी त्यांच्या ओठांजवळ नेऊ लागलो. आणि त्यामुळंच असेल, त्यांनी डोळे उघडे ठेवले होते. ते म्हणाले, "आधी शालिनीला."

शालिनीबाई पायथ्याशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "तुम्ही घ्या."

"घे ना. बरोबर घेऊ."

"मला नको."

"का?"

त्यांनी चादरीची कड सारखी केली. यंत्र घरघरत होतं. दानिएलनी त्यांच्यावरून नजर माझ्याकडे वळवली, आणि मला वाटतं माझ्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"सुवार्ताला पत्र गेलं तेव्हापासून," शालिनीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. विचारलं म्हणून सांगितलं, असा आवाज.

"दर महिन्याला? माझ्या शेजारी?"

"हो."

दानिएलनी उशीवरून मान उचलली. मग मला म्हणाले, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"पाच वर्षं. आणि मला साक्ष देऊ दिलीत."

त्यांनी माझा भाकरीचा हात बाजूला केला. "मग मलाही नको," म्हणाले. "आत्ता नको. दारू सोडली ती साक्ष खरी होती, पाळकसाहेब. पुढची..." आणि खोकल्याची उबळ आली ती थांबेना. शालिनीबाईंनी त्यांना धरून बसवलं, पाठीवरून हात फिरवला. उबळ ओसरल्यावर ते त्यांना म्हणाले, "फोन लाव तिला."

शालिनीबाईंनी नंबर शोधला नाही. बोटं सरळ चालली.

मी डबीत भाकरी परत ठेवली, पेले पुसले, पेटी बंद केली. एवढ्या वर्षांच्या सेवेत ती पेटी मी कुठूनही न वापरता परत आणली नव्हती.

सुवार्ता निघाली तोवर इकडं त्यांचा श्वास लागायला लागला. शेजाऱ्यांनी गाडी काढली, दवाखान्यात नेलं. ती आणि नीलेश तिथंच आले. दानिएलच्या तोंडावर मास्क होता. त्यांनी तिला ओळखलं. तिचं मनगट धरलं आणि दुसऱ्या हातानं मास्क काढायला लागले. नर्सनं तो परत बसवला. त्यांनी पुन्हा काढायचा प्रयत्न केला. नर्स म्हणाली, "काका, बोलवानुं नथी." नंतर त्यांनी प्रयत्न सोडला, पण मनगट सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेले.

अंत्यविधीच्या आधी सुवार्ता माझ्याकडे आली. डोळे कोरडे होते. "एक सांगायचं होतं," म्हणाली. "बाबांनी शेवटी माफी मागितली, असं उपदेशात सांगू नका."

मी खरंच तसं लिहिलं होतं. कागद खिशात होता. लोकांना धीर येईल, कुणाचं काही बिघडणार नाही, असं वाटलं होतं.

"त्यांनी मागितली नाही," ती म्हणाली. "मागायची होती का रागवायचं होतं, तेही मला माहीत नाही. मास्क होता. जे झालं तेवढंच राहू द्या माझ्याकडे."

मी तो भाग वगळला. चिटणीस म्हणून त्यांनी केलेल्या कामाबद्दल बोललो. पुढच्या बैठकीत कमिटीनं सुवार्ताचं नाव यादीत परत घेतलं. चर्चाच झाली नाही, दोन मिनिटांत झालं. इतकं सोपं होतं ते. मी तिला पुन्हा हातानंच पत्र लिहिलं. त्याचं उत्तर आलं नाही, आणि आमच्या चर्चला ती आली नाही. ती तिकडं मागच्या बाकावरच बसते, पण आता पुढं जाऊन घेते, असं पुढं कळलं.

शालिनीबाईंनी समाचं घर बंद केलं आणि त्या लेकीकडे पादऱ्याला राहायला गेल्या. मंडळीतल्या काहींनी नाकं मुरडली, देव मांडलेल्या घरात कशा राहतात म्हणून. मी ऐकून घेतलं. काही महिन्यांनी निवृत्त झालो.

मागच्या थंडीत मी आणि विमल पादऱ्याला गेलो. मी ठरवून गेलो होतो. चहा झाला, बांनी भाखरी-शाक खाऊ घातलं, नीलेशनं त्याच्या शाळेतल्या गमती सांगितल्या. मग मी शालिनीबाईंना म्हटलं, सगळ्यांसमोरच म्हटलं, की सहा महिने थांबवणं माझ्या हातात होतं. मी थांबवलं नाही. दानिएलना सांगणं माझ्या हातात होतं, मी सांगितलं नाही. मला क्षमा करा.

सुवार्ता लगेच म्हणाली, "साहेब, झालं ते झालं." ती मनापासून म्हणाली, मला कळतं ते. शालिनीबाईंनी मात्र विमलला आणखी एक भाखरी वाढली. मग निघायच्या वेळी प्रथेप्रमाणे प्रार्थना करायची म्हणून मी उठलो. घर सोडताना पाळकानंच करायची असते. सगळे उभे राहिले, बासुद्धा. आणि मला पहिला शब्द सापडेना. चाळीस वर्षं मी हेच करत आलो होतो.

"मी करते," शालिनीबाई म्हणाल्या.

त्यांना मोठ्यानं प्रार्थना करताना मी कधी ऐकलं नव्हतं. साधा, स्वयंपाकघरातला आवाज. त्यांनी बांचं नाव घेतलं, त्यांच्या गुडघ्यांना आराम पडू दे म्हणाल्या. नीलेशचं घेतलं, सुवार्ताचं घेतलं. दानिएलचं घेतलं, आणि तिथं जरा थांबल्या. मग विमलचं घेतलं. तिची दृष्टी कमी होते आहे, तिला सांभाळ म्हणाल्या. त्या सावकाश एकेक नाव घेत होत्या, मनात नसलेलं काही तोंडातून जाऊ नये अशा बेतानं. मी डोळे मिटून माझ्या नावाची वाट पाहत होतो.

त्या आमेन म्हणाल्या.